पाय टेकल्यावर

दोरेवालीच्या घरात नवरा-बायको दोघांचाही धंदा केस काढण्याचा. तो मेंढ्यांचे काढायचा, ती बायकांचे. गावातल्या टवाळांना हा विषय पुरून उरला होता. जास्त आरडाओरडा कोण करतं, तुझ्या मेंढ्या की तिच्या बायका, असं कुणी विचारलं की नवरा हातातली कातर बाजूला ठेवून शांतपणे सांगायचा, "आवाज सारखाच असतो. मेंढ्या फक्त नंतर आरसा मागत नाहीत."

त्याच्या स्वतःच्या मेंढ्या फार नव्हत्या, पण आसपासच्या कळपांची कातरणी त्याच्याकडेच असायची. ती घराच्या पुढच्या खोलीत दोऱ्याने आयब्रो करायची, ओठावरची लव काढायची, कुणाला हवं असेल तर ब्लीच करून द्यायची. बाहेर पाटी नव्हती. दाराला फुलाफुलांचा पडदा, आत भिंतीवर आरसा, खिडकीत पावडरचा डबा आणि दोऱ्याची रिळं, आणि मधोमध खुर्ची. बायका तिला पार्लर म्हणायच्या, नवरा पुढची खोली म्हणायचा.

खुर्ची एका न्हाव्याने दुकान बंद करताना देऊन टाकलेली. लाकडी, हातांची आणि चांगल्या उंच पायांची. पाय ठेवायची फळी केव्हाच मोडून गेली होती. डोकं टेकायच्या जागी नवऱ्याने पोत्यात लोकर भरून उशी ठोकली होती. उशीला थोडा वास यायचा, पण तिच्यावर एकदा मान टेकली की बायका उठायचं नाव घेत नसत.

खुर्ची उंच होती म्हणून दोरेवालीला फारसं वाकावं लागायचं नाही. आणि खुर्ची उंच होती म्हणूनच तिचा एक नियम झाला होता. पाठ टेकून बसल्यावर ज्या मुलीचे पाय जमिनीला लागत नाहीत, तिच्या तोंडाला दोरा लावायचा नाही. वय विचारलं तर आया सोयीचं सांगतात, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. खुर्ची खोटं बोलत नाही, असं ती म्हणायची.

"पोरीच्या तोंडावर एकदा दोरा फिरला की ती पुन्हा आरशात तोंड बघत नाही," ती सांगायची. "केस बघत बसते." हे तिने कुठे वाचलं नव्हतं. तिच्याकडे येणारी एकही बाई आरसा हातात घेऊन छान झालं म्हणायची नाही. इथे एक राहिला बघ, म्हणायची. त्या राहिलेल्या एका केसावर दोरेवालीचं घर चालायचं, हे तिला कळत होतं. कळूनही तिला त्या बायकांची कीव यायची.

या नियमाने सगळ्यात जास्त कुणाला अडवलं असेल, तर तिच्याच मुलीला. ठकू पाचवीत होती. बापाची दाट भुवई आणि आईच्या माहेरची काळी लव तिच्या वाट्याला आली होती. वरच्या ओठावर ती लव उन्हात स्पष्ट दिसायची. वर्गात तिचं नाव फौजदार पडलं होतं. ते नाव मळेवाल्यांच्या छकुलीने ठेवलं होतं, आणि चांगलं बसलं होतं, म्हणून मास्तरांच्याही तोंडून एकदा निसटलं. त्या दिवशी ठकू घरी आली. दप्तर ठेवलं, खुर्चीत बसली, पाठ टेकली आणि पाय खाली ताणले.

"नाही टेकले," आई म्हणाली.

"आई, तू बाहेरच्यांचं करतेस."

"टेकले की तुझंही करीन. शब्द देते."

तेव्हापासून ठकू दर रविवारी खुर्चीत बसून बघायची. अंगठ्याच्या आणि जमिनीच्या मध्ये हात घालून अंतर मोजायची. घरात कुणी त्यावर हसत नसे.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. माळावरचं गवत बघता बघता करपलं आणि उरलं त्यात फक्त काटे होते. नेमक्या त्याच वेळी मेंढ्या व्याल्या. आईच्या पोटात काही नाही, तर कोकरांना दूध कुठून मिळणार? कोकरं आचळाला ढुशा देऊन देऊन थकायची आणि आईच्या पायांतच बसून राहायची. नवरा रोज लांब लांब जाऊन झाडांचा पाला ओरबाडून आणायचा. त्याच्या हातांना ओरखडे पडले होते.

मेंढ्यांना चरता येईल असं एकच हिरवं रान उरलं होतं, ते मळेवाल्यांचं. त्यांचा कोबी नुकताच निघाला होता आणि पाला तसाच शेतात पडला होता. मेंढ्यांनी पाला खायचा आणि रानात खत टाकायचं, असं नवऱ्याचं मळेवाल्यांशी बोलणं झालं होतं. कोकरं वाचायची ती त्या पाल्यावरच वाचणार होती. घरात सगळे त्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते.

अशात मळेवाल्या वहिनी छकुलीला घेऊन पार्लरमध्ये आल्या.

"हिच्या मामाचं लग्न आहे," वहिनी म्हणाल्या. "फोटो निघणार. ओठावरचं काढ, आयब्रो नीट कर. लग्नाच्या आधी ब्लीचला पुन्हा आणीन. बाकीच्या पोरी बघ कशा येतील नटून. ही आपली अशी."

छकुली अशी म्हणजे कशी, ते दोरेवालीला दिसेना. गोल तोंडाची, गोरीगोमटी पोर. ओठावर लव होती, ती नाकाला नाक लावून बघितलं तर दिसली असती.

"बस गं," दोरेवाली म्हणाली. "पाठ टेकून."

छकुली चढून बसली. तिची एक चप्पल गळून खाली पडली. दोन्ही पाय लोंबत राहिले.

"नाही टेकत, वहिनी. दोन वर्षांनी आणा."

"अगं, एवढंसं तर अंतर आहे."

"तेवढंच तर मी बघते."

"आणि त्या कांदेवाल्या म्हातारीचे कुठे टेकतात? तिची हनुवटी करतेस ना?"

"तिला नातवंडं आहेत, वहिनी."

आतल्या दारात ठकू उभी होती. तिला हसू आलं, आणि छकुलीने ते बघितलं. वहिनी मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी पर्स काखेत घेतली, मुलीची चप्पल पायाने तिच्याकडे सरकवली आणि जाता जाता सहज म्हणाल्या, "ते कोबीचं रान हे लगेच नांगरायचं म्हणत होते. मी विचारून बघते घरी."

संध्याकाळी नवरा गोठ्यात एका अशक्त कोकराला बाटलीने पाणी पाजत होता. दोरेवालीने घडलेलं सांगितलं. 

"करून टाकायचं होतंस," तो म्हणाला. "दोऱ्याने कुणी मरत नाही."

"पोरीच्या डोळ्यांत काय होतं ते तुम्ही बघितलं नाही. तिला नको होतं."

"तिच्या आईला हवं होतं ना?"

"तुम्ही कोकरू कातरता का हो? मालक कितीही मागे लागला तरी पहिल्या मोसमात कातर लावत नाही तुम्ही."

"कोकराचं कातडं सैल असतं. लोकरीबरोबर वर येतं, कापलं जातं. पोर म्हणजे कोकरू आहे का?"

"मग काय आहे?"

 तो आवाज खाली आणून म्हणाला, "कोकराला शाळेत कुणी फौजदार म्हणत नाही. आपल्या पोरीला म्हणतात. तुझ्या हातात दोरा आहे आणि तू तिला खुर्चीत बसवून पाय मोजतेस. मला बघवत नाही ते."

 दोरेवालीलाही ते बघवत नव्हतंच. तिने कोकरू त्याच्या हातातून घेतलं, मांडीवर आडवं केलं आणि त्याचं पोट चोळत बसली. पोट खपाटीला गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा मळेवाल्यांकडे जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. त्यानंतर दोन दिवस दोरेवाली खुरपायला गेली. पार्लरला गिऱ्हाईक नव्हतं, उन्हाच्या दिवसांत बायकांनाही तोंडाची आठवण राहत नाही. ती दिवसभर वाकून तण काढत होती आणि संध्याकाळी कंबर धरून घरी येत होती.

ती शेतात असताना नवऱ्याने पुढच्या खोलीत खुर्ची आडवी पाडली आणि ठकूला हाक मारली.

"धर घट्ट. हलू देऊ नकोस."

"काय करताय, बाबा?"

"कांदेवालीचे पाय लोंबून बधिर होतात म्हणते. जरा खाली करतो."

ठकूने खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरला. करवत चालू झाली. जुनं लाकूड कोरडं होतं, भुसा तिच्या पायांवर सांडत होता. पहिला तुकडा पडला तेव्हाच तिला सगळं कळलं. कांदेवाली म्हातारी महिन्यात एकदा येत होती आणि तिने पायांची तक्रार कधी केली नव्हती.  तिने पुढचा पाय जास्तच घट्ट धरला.

चारही पाय झाल्यावर बापाने खुर्ची उभी करून हलवून पाहिली. एका पायाला थोडं आणखी घासलं.

"आता तुझेही टेकतील," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आईला मी सांगेन सवडीने. हे तुकडे चुलीत घाल."

ती तुकडे घेऊन आत गेली.

संध्याकाळी दोरेवाली आली, हातपाय धुतले आणि पुढच्या खोलीत न डोकावताच आडवी झाली. दुसऱ्या सकाळी नवरा अंधुक उजेडातच मेंढ्या घेऊन गेला. कुठे, म्हणून तिने विचारलं तर म्हणाला, "कोबीत." तिला इतका आनंद झाला की पुढचं काही विचारावंसंच वाटलं नाही. तिने खोली झाडली, आरसा पुसला. खुर्चीची उशी झटकताना तिला जास्त वाकावं लागलं, तेव्हा तिने खुरपणीला दोष दिला.

दुपारी वहिनी छकुलीला घेऊन पुन्हा आल्या.

"तुझे मालक म्हणाले, मुली या वयात भराभर वाढतात, एकदा बघा तरी बसवून. म्हणून आणली." वहिनींनी मुलीला पुढे ढकललं. "बस गं."

छकुली बसली. या वेळी चढावं लागलं नाही. तिने पाठ टेकली आणि तिचे पाय जमिनीवर आले.

"टेकले बघ," वहिनी म्हणाल्या.

दोरेवालीने पायांकडे बघितलं. मग खुर्चीच्या पायांकडे बघितलं. खाली लाकडाची कड कोरी होती, पिवळट, वरच्या जुन्या रंगाला न शोभणारी. तिला सकाळच्या जास्त वाकण्याचा, कोबीचा आणि नवऱ्याच्या गप्प राहण्याचा, सगळ्याचा एकदम उलगडा झाला.  वहिनींनाही ती कड दिसत असणार. त्या आरशात स्वतःचे केस सारखे करत होत्या.

मेंढ्या सकाळपासून कोबीत होत्या. कोकरांनी आज पोटभर दूध प्यायलं असेल, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. तिने दोरा तोडला.

"जीभ वरच्या ओठाच्या आतून दाबून धर," तिने छकुलीला सांगितलं. "दोन्ही हातांनी गालाची कातडी ताण. डोळे मीट. ठकू, पावडर."

ठकू पावडरचा डबा घेऊन जवळ उभी राहिली. दोरेवालीने दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं, बोटांवर पीळ घातला आणि वाकली. दोरा तोंडात असला की तिला बोलता यायचं नाही. एरवी त्याचं तिला काही वाटत नसे.

पहिल्या झटक्याला छकुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मोठ्या बायकांच्याही येतं. पण मोठ्या बायका ओय करतात, शिव्या देतात, हसतात. ही पोर अजिबात आवाज करत नव्हती. तिचे पाय मात्र जमिनीवर घट्ट रोवलेले होते, बोटं फरशीला पकडायला बघत होती. कातडं इतकं मऊ होतं की दोऱ्याबरोबर वर येत होतं. दोरेवालीने हात हलका केला, आणखी हलका केला, तरी ओठ लालभडक झाला. मग आयब्रो केल्या.

"हं, आता कशी दिसते," वहिनी म्हणाल्या. आरसा मुलीच्या हातात दिला. छकुलीने आरशात बघितलं. मग जवळ धरून बघितलं. मग बोट लावून म्हणाली, "इथे एक राहिलाय."

दोरेवालीने ते ऐकलं आणि ती ओला कपडा आणायच्या निमित्ताने आत निघून गेली.

दिवस मावळायच्या आत ठकू खुर्चीत येऊन बसली. आई खोली झाडत होती. ठकूने पाठ टेकली, पाय खाली सोडले.

"आई, टेकले."

दोरेवाली केरसुणी घेऊन तशीच उभी राहिली.

"तू शब्द दिला होतास."

आईने केरसुणी कोपऱ्यात ठेवली. हात धुतले, दोरा तोडला, टोक दातांत धरलं. ठकूने न सांगता जीभ आतून दाबली, गाल ताणले, डोळे मिटले. कितीतरी वेळा तिने हे बघितलं होतं. आई वाकली. तिला अगदी जवळून ते तोंड दिसलं, ती काळी लव, नाकावरचा घाम, मिटलेल्या पापण्या आणि त्या तोंडावरची खुशी. ठकू इतकी खूश होती की तिला ती लपवता येत नव्हती. दोरेवालीचे हात तसेच हवेत राहिले. मग तिने दोरा तोंडातून काढला.

"खुर्ची कापली आहे, ठकू."

"माहीत आहे. मीच धरली होती."

"मग हे टेकणं खरं नाही."

"छकुलीचंही खरं नव्हतं. तिचं केलंस."

"केलं. चुकलं माझं."

ठकूने डोळे उघडले. "मग माझ्यासाठी पण एकदा चूक."

 दोरेवालीला रडू आलं असतं, पण पोरीसमोर रडून सुटका करून घेणं तिला लाजिरवाणं वाटलं. तिने बोटांवरचा दोरा सोडवला. ठकूने वाट बघितली, बऱ्यापैकी वाट बघितली, आणि खुर्चीतून उतरून गोठ्याकडे निघून गेली.

नवऱ्याशी ती भांडली नाही. तो आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. तिने वाढलं. "सांगून तरी कापायची होती," एवढंच म्हणाली.

"सांगून तू कापू दिली असतीस?"

"नसती."

"मग?"

दोघं जेवले. गोठ्यात कोकरं उड्या मारत होती, त्यांचा आवाज आत येत होता. तो आवाज ऐकून दोघांनाही बरं वाटत होतं, आणि ते एकमेकांना सांगायची सोय नव्हती.

पुढचे काही दिवस ठकूने आईशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पाणी भरलं, भांडी घासली, शाळेत गेली, आली. रविवारी ती खुर्चीत बसली नाही. आईला ते सगळ्यात जास्त लागलं.

मग एका संध्याकाळी दोरेवाली परसात भांडी पुसत असताना ठकू शेजारी येऊन बसली आणि आपणहून बोलायला लागली.

"छकुलीच्या ओठावर पुरळ आलंय. बारीक बारीक. रुमाल लावून बसते तोंडाला."

"येतं कधी कधी. थंड पाण्याची पट्टी ठेव म्हणावं, जाईल."

"सगळे तिला हसतात. मिशी गेली आणि फोड आले म्हणतात."

"तू हसलीस?"

"पहिल्या दिवशी हसले." ठकूने एक वाटी उचलून पुसायला घेतली. "काल मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. म्हणाली, तुझ्या आईला विचार, दुसऱ्या वेळी कमी दुखतं का. लग्नाच्या आधी तिला परत आणणार आहेत. आणि ते तोंडाला लावायचं असतं ते पण लावणार आहेत."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, विचारते." तिने वाटी उलटी करून पुसली. "कमी दुखतं का?"

"नाही."

ठकूने वाटी खाली ठेवली आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या ओच्यात काहीतरी होतं. तिने ते आईच्या मांडीवर ओतलं. लाकडाचे चार तुकडे होते, एका बाजूने जुन्या रंगाचे, दुसऱ्या बाजूने कोरे.

"बाबांनी चुलीत घालायला सांगितले होते."

"मग घातले का नाहीस?"

ठकूने खांदे उडवले. "खुर्चीचे होते ना."

दोरेवालीने एक तुकडा हातात घेऊन फिरवून बघितला. ठकू तिच्याकडे बघत होती. ती खूश नव्हती, रागावलेलीही नव्हती. तिला काय हवं होतं आणि तिने काय आणून दिलं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. दोरेवालीने तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांतून हात फिरवला. हात भांड्यांचा ओला होता, ठकूने मान काढून घेतली नाही.

तुकडे नवऱ्यानेच बसवले. आधी तो म्हणाला, लग्न तर होऊन जाऊ दे, कोबी संपू दे, मग बसवतो. दोरेवालीने तुकडे त्याच्यापुढे ठेवले, ठकू तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्या दोघी एका बाजूला उभ्या आहेत हे बघून तो खाली बसला आणि पत्र्याच्या पट्ट्या शोधायला लागला. प्रत्येक पायाला पट्टी गुंडाळून त्याने खिळे ठोकले. खुर्ची उभी केली तेव्हा ती जरा डुगडुगत होती. त्याने हाताने दाबून पाहिली आणि एक खिळा आणखी ठोकला.

"पाला अजून अर्धा आहे रानात," हातोडी ठेवता ठेवता तो म्हणाला.

"माहीत आहे," दोरेवाली म्हणाली.

लग्न जवळ आलं तशा वहिनी आल्या. छकुलीच्या तोंडाला रुमाल होता. वहिनींनी तो ओढून काढला.

"हे पुरळ आधी झाकायचं काहीतरी कर. आणि ब्लीच."

"बसू दे तिला," दोरेवाली म्हणाली.

छकुली खुर्चीजवळ गेली. पत्र्याच्या पट्ट्या तिने बघितल्या. या वेळी तिला चढावं लागलं. ती टोकावर बसली, पाय खाली सोडले, आणि अंगठे जमिनीला लागतात की काय अशा बेताला आले.

"टेकले," वहिनी म्हणाल्या.

"पाठ टेकून बस, बाळ," दोरेवाली म्हणाली.

छकुलीने आईकडे बघितलं. मग आतल्या दारात उभ्या असलेल्या ठकूकडे बघितलं. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून तिने स्वतःला उचललं आणि मागे सरकली. पाठ लागली तरी आणखी सरकली, पार उशीत घुसली, आणि तिचे दोन्ही पाय वर आले, सरळ हवेत.

"आई," ती म्हणाली, "नाही टेकत."

आवाज मोठा होता. रुमाल लावून बसणाऱ्या मुलीचा तो वाटत नव्हता.

"पुढे सरक."

"पाठ टेकून बसायचं असतं."

वहिनींनी दोरेवालीकडे बघितलं. "पोरीला शिकवून ठेवलंस?"

"नाही, वहिनी. पुरळावर थंड पाण्याची पट्टी ठेवा, रोज. लग्नापर्यंत बरंच उतरेल. दुसरं काही लावू नका."

"माझी मुलगी आहे. तिच्या तोंडाचं काय करायचं ते मी ठरवीन. शहरात ढीगभर पार्लरं आहेत."

"आहेत," दोरेवाली म्हणाली. "तिथे न्या. माझ्या खुर्चीत नाही होणार."

वहिनी निघाल्या. छकुली उतरली, चप्पल घातली आणि रुमाल खुर्चीतच विसरून त्यांच्या मागे गेली.

त्याच संध्याकाळी मळ्याचा गडी निरोप घेऊन आला, उद्यापासून मेंढ्या आणू नका, रान नांगरायचं आहे. नवऱ्याने ऐकून घेतलं. सकाळी त्याने घोंगडी आणि काठी घेतली. दोरेवालीने डबा बांधून दिला. नदीच्या वरच्या अंगाला, टेकड्यांच्या पलीकडे अजून थोडा चारा आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. तिकडेच राहावं लागणार होतं, आणि अधूनमधूनच घरी येता येणार होतं. कोकरं आता लांब चालण्याइतकी झाली होती, त्यातल्या त्यात एक अशक्त होतं ते त्याने खांद्यावर घेतलं.

दारात तो घुटमळला. "खुर्ची डुगडुगते का अजून?" त्याने विचारलं.

"थोडी."

"आलो की बघतो," म्हणून तो मेंढ्यांच्या मागे चालू लागला.

दोरेवाली तो दिसेनासा होईपर्यंत उभी होती. तिला भीती वाटत होती. चारा मिळेल का, ते कोकरू तगेल का, वहिनींच्या ओळखीच्या बायका आता पार्लरला येतील का. वाईटही वाटत होतं, त्याच्या ओरखडे पडलेल्या हातांचं. पण पुढच्या खोलीत जायला तिला आता लाज वाटत नव्हती.

बायका थोड्या कमी आल्या, पण आल्या. कांदेवाली म्हातारी आली, पाय लोंबकळत ठेवून बसली आणि हनुवटी करून घेता घेता झोपली.

लग्न झालं. छकुलीला शहरात नेलं की नाही ते ठकूला कळलं नाही, आणि तिने विचारलं नाही. एका रविवारी दोरेवाली आत दोऱ्याची गुंडाळी सोडवत बसली होती, तेव्हा पुढच्या दाराचा पडदा हलला.

"माझा रुमाल राहिलाय," छकुलीचा आवाज आला.

"धुऊन ठेवलाय," ठकू म्हणाली. "ये."

 मग खुर्ची करकरली. दोरेवालीने मान वाकडी करून बघितलं. दोघी पोरी खुर्चीत बसल्या होत्या, एकमेकींना चिकटून, कशाबशा मावून. छकुलीच्या ओठावर आता पुरळ नव्हतं, कोवळी लव पुन्हा आली होती. दोघींचे चारही पाय लोंबत होते.

"तुला अजून फौजदार म्हणतात?" छकुलीने विचारलं.

"म्हणतात. तूच ठेवलंस नाव."

"हो," छकुली म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी आता नाही म्हणत."

 ठकू आपले पाय खाली ताणून बघत होती.

"मी कधीच करणार नाही परत," छकुली म्हणाली. "मोठी झाले तरी."

"नको करू. तुझी मर्जी."

"तू?"

"मी करणार आहे," ठकू म्हणाली. तिने पाठ मागे टेकवली, छकुलीलाही मागे ओढलं, आणि अंगठ्याखाली हात घालून अंतर बघितलं. "पण पाय टेकल्यावर."

आत दोरेवालीच्या हातातला दोरा तसाच राहिला. बाहेर दोघींनी पाय हलवायला सुरुवात केली होती, आणि खुर्ची पट्ट्यांवर डुगडुगत होती.